शून्य तिकिटाचा हिशेब : सीमाभागातून ‘शक्ती’ बससेवेचे परीक्षण

कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ रोजी सुरू केलेल्या ‘शक्ती’ योजनेमुळे राज्यातील महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि जुलै २०२५ मध्ये अशा प्रवासांचा आकडा ५०० कोटींवर पोहोचला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या सेवेबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा राजकारणाच्याच अंगाने. ‘रेवडी’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘क्रांती’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मिक्सर विकत घेतल्यावर आपण जे विचारतो, म्हणजे वस्तू सांगितलेले काम करते का, कोणाच्या उपयोगाची आहे आणि कुठे कमी पडते, तेच या सेवेबाबत विचारावे आणि उत्तर शोधताना गेल्या काही वर्षांतील अर्थशास्त्रीय संशोधनाचा आधार घ्यावा, एवढाच या लेखाचा बेत आहे.

सेवा मिळते ती सोपेपणाने. बेळगावहून खानापूर, नंदगड, निपाणी किंवा सौंदत्तीकडे जाणाऱ्या साध्या आणि ‘वेगदूत’ (एक्सप्रेस) गाड्यांत ती चालते. राजहंस, ऐरावत, स्लीपर आणि वातानुकूलित गाड्यांत चालत नाही. कर्नाटकातील पत्ता असलेले आधार कार्ड दाखवले की कंडक्टर यंत्रातून चिठ्ठी काढून देतो. इतर तिकिटांसारखीच ती चिठ्ठी, कुठून कुठे हे छापलेले, फक्त रकमेच्या जागी शून्य. ‘पैसे नाहीत तर तिकीट कशाला’ म्हणून काही बायका ती घेण्याचा कंटाळा करतात. तो करू नये, कारण परिवहन महामंडळाला सरकारकडून मिळणारी भरपाई याच शून्य तिकिटांच्या हिशेबावर ठरते. भाजीची पाटी घेऊन बाजाराला येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की माफी माणसाच्या भाड्याला आहे, ठरावीक वजनापुढच्या सामानाला नाही. निम्म्या जागा पुरुषांसाठी राखण्याची तरतूद योजनेच्या आदेशात आहे खरी, पण आधी चढेल तो बसेल हा नियम आपल्या लोकांना जास्त पाठ आहे.

सेवेचा गुण कुठे दिसतो, तर सकाळची घाई ओसरल्यानंतरच्या गाडीत. कारखान्याला, शाळेला, कचेरीला जाणारे तोवर गेलेले असतात आणि गाडीत दिसतात त्या दवाखान्याला निघालेल्या, बँकेत पासबुक भरून घ्यायला निघालेल्या, लेकीकडे किंवा यल्लम्माला निघालेल्या बायका. चिलीतील सांतियागो शहरात संशोधकांनी काही कामगारांना चिठ्ठ्या टाकून निवडले आणि त्यांना दोन आठवड्यांचा मोफत पास दिला, तेव्हा त्यांचा प्रवास सुमारे १२ टक्क्यांनी वाढला आणि ती वाढ प्रामुख्याने गर्दी नसलेल्या वेळातच झाली. म्हणजे कामावर जाणारा माणूस भाडे असले तरी जातोच. भाडे गेल्यावर वाढतो तो एरवी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून मागे टाकलेला प्रवास. योजनेचे टीकाकार नेमके याच प्रवासाला उधळपट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. माहेरी जायचे म्हणून घरात कोणाकडे भाड्याचे पैसे मागावे लागत नाहीत, ही गोष्ट उत्पन्नाच्या तक्त्यात उमटत नसली तरी ज्या बाईने आयुष्यभर ते पैसे मागितले आहेत तिला तिची किंमत विचारून पाहावी.

मात्र सेवेचा प्रचार केवळ या प्रवासांवर चाललेला नाही. मोफत प्रवासामुळे स्त्रिया शिकतील, नोकरी करतील, असे सांगितले जाते, आणि तिथे संशोधन जरा सावध करते. खानापूर तालुक्यातील जंगलपट्टीच्या गावांत मुलीला बेळगावच्या कॉलेजात घालायचे की नाही, यावर घरात बोलणे निघाले की आईचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. ‘तिकीट फुकट हाय त्ये कळलं, खरं येताना गाडी किती वाजता हाय?’ असे ती विचारते, आणि या एका प्रश्नाभोवती अलीकडचे बरेच संशोधन फिरते आहे. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींवर गिरिजा बोरकर यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की सुरक्षित वाटणाऱ्या वाटेसाठी मुली चांगले कॉलेज सोडून कमी दर्जाचे कॉलेज पत्करतात, मुले मात्र तशी तडजोड फारशी करत नाहीत. लाहोरमध्ये एरिका फील्ड आणि केट व्हिबोर्नी यांनी नोकरी शोधणाऱ्यांना घरापासून कामापर्यंत वाहन देऊ केले, तेव्हा केवळ स्त्रियांसाठी असलेल्या वाहनामुळे त्यांचे नोकरीचे अर्ज दुपटीहून अधिक झाले, तर स्त्री-पुरुष दोघांच्या वाहनाचा परिणाम त्या मानाने बराच कमी राहिला. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना दिलेल्या सायकलींचे उदाहरण तर आपल्याला अधिक जवळचे आहे. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुला-मुलींमधील अंतर ४० टक्क्यांनी घटले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष होता. सायकल वेळापत्रकावर अवलंबून नसते. ती मुलीच्या दारात उभी असते आणि शाळा सुटल्यावर तिच्याबरोबरच परत येते. बस मोफत करण्याने भाडे जाते, पण फाट्यापर्यंतची पायपीट, वाट पाहण्याचा वेळ आणि अंधाराची भीती जागच्या जागी राहते. म्हणून या सेवेतील पुढचा रुपया संध्याकाळच्या जादा फेरीवर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीमाभागात या सेवेला आणखी एक मर्यादा आहे, जी बेंगळुरूत बसून सहज दिसणार नाही. महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याचा बाजार, दवाखाना आणि निम्मी सोयरीक बेळगावात आहे. तिकडून आलेली नणंद आणि इथली भावजय एकाच बाकावर बसून बेळगावातल्या शहापूरला साड्या घ्यायला निघाल्या, तर एकीच्या हाती शून्याची चिठ्ठी पडते आणि महाराष्ट्राचे आधार असलेली दुसरी पूर्ण भाडे मोजते. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, पण तेही त्या राज्याच्या हद्दीपर्यंतच. एस्टोनियाची राजधानी तालिन येथे २०१३ पासून मोफत बस आहे, तीही नोंदणीकृत रहिवाशांनाच, आणि त्यामुळे अनेकांनी आपली नोंदणी शहरात करून घेतली. आपल्याकडे आधारचा पत्ता म्हणजे रेशन, शाळा आणि मतदान हे सारेच असल्यामुळे बसभाड्यासाठी तो कोणी बदलणार नाही. मोजणाऱ्याने ‘महिला प्रवासी’ म्हणताना कोणाला वगळले, हे मात्र ध्यानात ठेवावे.

गंमत अशी की अर्थशास्त्रज्ञाला हीच सीमा सोन्यासारखी वाटावी. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतील किमान वेतनवाढीचा परिणाम शोधला तो शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील उपाहारगृहांशी तुलना करून. पुढे २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळाले त्यामागे याच धाटणीचे काम होते. बेळगाव आणि चंदगड या तालुक्यांत भाषा एक, पाऊस एक, सणवार एक आणि बसचे धोरण वेगळे. तुलनेसाठी याहून सोयीची जागा कुठे मिळणार? अडचण इतकीच की बसबरोबर बाकीचेही बदलते. इकडे ‘गृहलक्ष्मी’चे महिना २,००० रुपये आहेत, तिकडे ‘लाडकी बहीण’चे १,५००, आणि एखाद्या बाईने शिलाई मशीन घेतले तर ते कोणत्या योजनेमुळे, हे वेगळे काढणे सोपे नाही. त्यातच फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादातून दोन्ही राज्यांमधील बससेवा काही दिवस विस्कळीत झाली होती. अशा दिवसांत भाडे शून्य असो वा निम्मे, प्रवासच होत नाही.

खर्चाची बाजूही सांगायला हवी. ५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकात बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले. त्याचा भार खिशातून भरतो तो पुरुष प्रवासी आणि परराज्यातील पाहुणी; शून्य तिकिटांची वाढीव भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा सर्वांकडूनच जाते. तरीही दिवसा, हमरस्त्याने आणि थोड्या अंतरावर जायचे असेल तर या किमतीत याहून चांगली सेवा सीमाभागात नाही, आणि मी ती सर्वांना वापरायला सांगते. आडगावच्या मुलीच्या कॉलेजासाठी किंवा शिफ्टच्या नोकरीसाठी हीच शिफारस करताना मी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहायला सांगेन.

महामंडळाने आता ५०० कोटींसारखे ढोबळ आकडे बाजूला ठेवून यंत्रातील तपशील खुला करावा. प्रत्येक शून्य तिकिटावर चढण्या-उतरण्याचे ठिकाण असतेच, वेळही नोंदलेली असते. कोणाचेही नाव उघड न करता तालुकावार आणि तासवार तक्ते काढता येतील. संध्याकाळी सहानंतर खानापूरच्या जंगलपट्टीतील जांबोटीकडे किंवा कणकुंबीकडे किती बायका गेल्या आणि जादा फेरी सुरू केल्यावर तो आकडा किती हलला, एवढे जरी त्यातून कळले तरी पुढचे वेळापत्रक अंदाजाने आखावे लागणार नाही.