जिनिंगच्या ऑफिसातला तीन लाइनींचा फोन : एका हंगामाचा अनुभव

दसऱ्यापर्यंत आमच्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्याच्या) ऑफिसात टेबलावर तीन वेगवेगळे फोन होते. एक वाजला की दिवाणजी दुसराच उचलायचे. हिंगणघाटच्या पट्ट्यात हंगाम लागला म्हणजे दिवसभर फोनला उसंत नसते. म्हणून मालकांनी नागपूरहून, जुनं सामान विकणाऱ्या दुकानातून, पॅनासोनिकचा केएक्स-टी ७७३० फोन आणि त्याचा एक्स्चेंजचा डबा, केएक्स-टीईएस ८२४, आणला. डब्यात मुळात बाहेरच्या तीन लाइनी आणि आतले आठ फोन बसतात. आम्हाला पुरून उरतं. ऑफिसात, मालकांच्या केबिनमध्ये, गाड्या तोलायच्या काट्यावर आणि गाठी बांधायच्या प्रेस हॉलमध्ये असे चार फोन लागले. ऑफिसातला माझ्याकडे आला.

मोबाइलच्या जमान्यात हे कशाला, असं मला बरेच जण विचारतात. काटापावतीवर वर्षानुवर्षं हाच नंबर छापला आहे, शेतकऱ्यांच्या डायऱ्यांमध्ये हाच आहे. शिवाय प्रेस हॉलच्या टिनाखाली मोबाइलला रेंज नाही, आणि मशीन चालू असताना खिशातली घंटी ऐकूही येत नाही.

बसवणारा माणूस वायरी जोडून, दोन फोन लावून दाखवून गेला. शिकवलं काहीच नाही. सोबतचं पुस्तक इंग्रजी. मी रात्री घरी नेऊन एकेक पान वाचलं, सकाळी ऑफिस उघडायच्या आधी काट्यावरच्या पोराला फोनवर बसवून करून पाहिलं. चार दिवस गेले.

खरी गोष्ट दिव्यांची आहे. फोनवर बारा बटणं आहेत, प्रत्येकात दिवा. लाल दिवा भराभर लुकलुकला म्हणजे बाहेरून फोन येतो आहे. हिरवा स्थिर म्हणजे मी बोलते आहे. हिरवा संथ लुकलुकतो म्हणजे कोणीतरी होल्डवर माझी वाट पाहतं आहे. लाल स्थिर म्हणजे ती लाइन दुसऱ्या कोणीतरी धरली आहे. हे चार दिवे डोळ्यात बसले की अर्धा फोन आला. बटणांशेजारी कागदाची पट्टी असते, तिच्यावर मी मराठीत लिहिलं : शेतकरी, व्यापारी, सरकी-ढेप. उरलेल्यांपैकी तीन बटणांवर काटा, प्रेस, मालक. काट्याचा माणूस बोलत असला की त्याचं बटण लाल दिसतं, म्हणजे फोन उगाच तिकडे ढकलायचा नाही.

चूक माझ्याकडून तिसऱ्याच दिवशी झाली, आणि ती अजून मनातून जात नाही. एक काकाजी कापसाच्या ओलाव्याबद्दल विचारत होते. आमच्याकडे सीसीआयचं, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाचं, केंद्र आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कटतो, आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. ते म्हणाले, "बाई, गाडी भरून हाये, आणू का दोन दिस वाळवू, सांगा जी." तेवढ्यात व्यापाऱ्याचा लाल दिवा लुकलुकला आणि मी सरळ तो दाबला. आधी होल्ड दाबायचं राहिलं. काकाजींचा फोन कटला. नंबर दिसण्याची सोय तेव्हा लाइनीवर घेतलेली नव्हती, त्यामुळे परत लावताही आला नाही. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन आले, मीटर लावलं, ओलावा १३ निघाला. भाड्याची गाडी भरल्या मापाने परत गेली. त्यांनी मला एक शब्द लावला नाही. ते गेल्यावर मी दिवाणजींना सांगून तिन्ही लाइनींवर नंबर दिसायची सोय करून घेतली.

म्हणून नवीन शिकणाऱ्याला माझं पहिलं सांगणं : आधी होल्ड, मग दुसरा दिवा. आणि रिसीव्हरवर हात ठेवून बोलण्याची सवय सोडा. शेतकऱ्याला काय भाव सांगितला हे व्यापाऱ्याला तळहाताआडून स्वच्छ ऐकू जातं. होल्डवर टाकलं की जात नाही.

ट्रान्सफर त्यामानाने सोपं आहे. ट्रान्सफर दाबा, काट्याचं बटण दाबा, त्याने उचललं की "अमुक गावचे भाऊ आहेत, गाडीचं विचारतात" एवढं सांगा आणि ठेवा. न सांगता ठेवलं तरी फोन जातो, आणि तिकडे कोणी उचलला नाही तर फिरून माझ्याकडे वाजतो. पण त्या माणसाला मग पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. मी कधीच न सांगता ठेवत नाही.

लाइन गेल्यावर काय, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या. (आमच्याकडे विजेलाही लाइनच म्हणतात, म्हणून फोनवर बोलताना मी "लाइट" म्हणते.) असे बटणांचे फोन कोणत्याही कंपनीचे असोत, डब्याला वीज नसली की मुके होतात. या डब्यात एक सोय आहे : वीज गेली की पहिली बाहेरची लाइन आपोआप पहिल्या आतल्या जोडणीवर येते. तिथे साधा, जुन्या पद्धतीचा फोन लावून ठेवला तर तो चालू राहतो, कारण तांब्याच्या तारेतून त्याला टेलिफोन एक्स्चेंजकडूनच वीज मिळते. दिवाणजींचा जुना काळा फोन आम्ही तिथे लावला. शेतकऱ्यांचा नंबर पहिल्या लाइनीवर ठेवायचा हट्ट मी धरला आणि मालकांनी मानला. नंतर डब्याला इन्व्हर्टरही जोडला, पण काळा फोन काढू दिला नाही.

स्क्रीन एका ओळीची आहे, आकडे ठळक दिसतात. स्पीकर ऑफिसात बरा, प्रेस हॉलमध्ये निरुपयोगी.

कापसाच्या धंद्यातल्यांसाठी एक सांगायचं राहिलं. परवा काट्याचं बटण तासभर लाल होतं. एवढं कोण बोलतं म्हणून जाऊन पाहिलं तर खोलीत कोणी नव्हतं. रिसीव्हर जागेवर होता, पण त्याच्याखालच्या खटक्यात रुईचा पुंजका अडकला होता, बोराएवढा. खटका पुरता दबत नव्हता. चिमट्याने ओढून काढला, इकडे दिवा विझला. आता दर शनिवारी चारही फोनांचे खटके मी स्वतः रंगकामाच्या बारीक ब्रशने झाडते.