दत्तक, तात्पुरता आसरा की निर्बीजीकरणाचा खर्च : कोल्हापुरातील कुटुंबाने कशाला प्राधान्य द्यावे?

रस्त्यावरील पिल्लू पाहून कळवळा आलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार दत्तक घेण्याचा येतो. राजारामपुरीतील भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नोकरदार दांपत्याने मात्र हा विचार थोडा लांबवावा, असे मला वाटते. कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. तेवढ्या काळात घर बदलते, घरमालक बदलतो, मुलांच्या परीक्षा येतात, आणि चार दिवस गावाला जायचे तर कुत्र्याला कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो.

त्यापेक्षा तात्पुरता आसरा देणे, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे सांभाळणे, अनेकांना अधिक झेपणारे आहे आणि माझ्या मते अधिक उपयोगाचेही आहे. पिल्लांच्या लसीकरणाला साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात होते आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. या मधल्या काळात पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झाली तर एकेक वेत बघता बघता संपते, आणि गर्दीच्या निवाऱ्यात ही लागण झपाट्याने पसरते. अशा वेळी घरातील एक स्वच्छ कोपरा निवाऱ्यातल्या पिंजऱ्यापेक्षा सुरक्षित ठरतो. शिवाय एकच घर वर्षभरात तीन-चार पिल्लांना उपयोगी पडते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने चिखली-आंबेवाडीची माणसे हलवावी लागली, तशा प्रसंगी महिन्याभरापुरती उघडी असलेली घरेच प्राण्यांच्या कामी येतात. अवघड असते ते जीव लागलेले पिल्लू दुसऱ्याच्या हाती देणे. ते जमणार नसेल तर या वाटेला जाऊ नये.

ज्यांना कायमचेच कुत्रे हवे आहे, त्यांनी पिल्लाऐवजी वाढलेल्या कुत्र्याचा विचार अवश्य करावा, कारण त्याचा आकार आणि स्वभाव आधीच दिसलेला असतो.

घरात जागाच नसेल, तर निवड उरते ती खाऊ घालणे आणि निर्बीजीकरण करून घेणे यांत. रोज संध्याकाळी गल्लीत दूध-चपाती ठेवणारी माणसे प्रत्येक पेठेत आहेत. त्यांची भूतदया खरी असली तरी काम अर्धेच राहते. मादी वर्षातून सुमारे दोनदा माजावर येते आणि साधारण ६३ दिवसांत विते, म्हणून वर्षभराच्या बिस्किटांचे पैसे एका मादीच्या शस्त्रक्रियेवर खर्च करणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रिया व रेबीज लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी परत सोडले जाते आणि त्याच्या कानाला खूण केलेली असते, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी कोणाला बोलावण्याआधी कान पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा अपवाद करून हे तत्त्व कायम ठेवले, मात्र खाऊ घालणे ठरवून दिलेल्या जागीच करण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री तेथे परत सोडण्यास मनाई केली. मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास खाऊ घालणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आता पिल्लांच्या धंद्याकडे वळू. शेडमध्ये कोंडलेले आजारी पिल्लू पाहून 'निदान हे तरी सोडवू' म्हणून ते विकत घेणे आणि त्या धंद्याविरुद्ध तक्रार करणे यांत मी निःसंशय तक्रारीच्या बाजूने आहे. दयेपोटी दिलेले पैसेही विक्रेत्याच्या लेखी विक्रीच असते आणि पुढचे वेत त्याच पैशांवर निघते. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, आणि मादीकडून अठरा महिन्यांच्या आधी, आठ वर्षांनंतर किंवा आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत. म्हणून नोंदणी प्रमाणपत्र मागावे आणि पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरावा. 'आई गावाकडे आहे, पिल्लू हायवेवर आणून देतो' असे उत्तर आले की व्यवहार तिथेच थांबवावा.

(हे सारे सायबेरियातल्या थंडीसाठी घडलेल्या हस्की जातीच्या कुत्र्याला आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाळण्याच्या हौसेपायी चालते. आपल्याच पट्ट्यात कारवानी म्हणून ओळखला जाणारा, २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकलेला मुधोळ हाउंड जवळ असताना ही हौस मला कधी समजली नाही. अर्थात त्याचाही बाजार होऊ नये.)

तक्रारीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, त्यामुळे केवळ क्रूरतेचा मुद्दा मांडून विक्रेत्याला धाक बसत नाही. नोंदणी नसणे आणि वयाची अट मोडणे हे मुद्दे कागदावर सहज सिद्ध होतात. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारीख, ठिकाण आणि छायाचित्रे जोडून राज्य मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोहोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये.