रेट्रो पोस्टर शिकायचंय: इंकस्केप, इलस्ट्रेटर की कोरलड्रॉ?

नेरळ–माथेरानची दोन फुटी गेजची गाडी १९०७ साली सुरू झाली. तिचं जुन्या रेल्वे पोस्टरांच्या धाटणीचं ए३ पोस्टर करायचंय असं धरू. मागे सूर्य आणि किरण, पुढे डोंगरांच्या तीन रांगा, वळणावर छोटं इंजिन, वर ठसठशीत ‘माथेरान’. रंग फक्त पाच. हेच काम इंकस्केप (हे फुकट), इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये केलं तर कुठे हात चालतो आणि कुठे अडतो, एवढंच इथे पाहू.

निकाल आधीच सांगून टाकतो. स्वतःसाठी शिकायचं असेल तर इंकस्केप घ्या. पुढे एजन्सीत किंवा स्टुडिओत नोकरी करायची असेल तर इलस्ट्रेटरला पर्याय नाही. गावातल्या किंवा तालुक्यातल्या प्रेसशी, फ्लेक्सवाल्याशी रोजचा व्यवहार असेल तर कोरल यायलाच हवं, मग ते आवडो न आवडो. यातलं काहीच पक्कं ठरलं नसेल, तर निवड सोयींच्या यादीवरून करू नका. तुमची फाइल पुढे कोण उघडणार, यावरून करा.

सोयींच्या यादीला महत्त्व का नाही, ते या शैलीच्या जन्मात आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेच्या कलाप्रकल्पातून राष्ट्रीय उद्यानांची पोस्टरं निघाली, ती सिल्कस्क्रीनवर, म्हणजे जाळीतून शाई दाबून. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागायची, म्हणून रंग मोजून वापरायचे. ब्रिटनच्या एलएनईआर रेल्वेसाठी टॉम पर्व्हिस यांनी केलेल्या पोस्टरांत तर बाह्यरेषा जवळपास नाहीतच. सपाट रंगाचे तुकडे शेजारी ठेवले की किनारा, छत्री, माणूस सगळं उभं राहतं. व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी आकारांनी बनलेल्या चित्रात, आपण तेच करतो: बंद आकार, त्यात एक रंग. मेश ग्रेडियंट, थ्रीडी, एआयची बटणं इथे कामाची नाहीत, आणि महाग सॉफ्टवेअरचे पैसे बरेचसे त्यासाठीच जातात.

किरणांची कसोटी

पान ३०३ बाय ४२६ मिमी घ्या, म्हणजे ए३ अधिक चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड). सूर्याचा मध्य वरून १८० मिमीवर, आडवा बरोबर मधोमध. किरण २४, दर १५ अंशांवर एक, आणि किरण व मोकळी जागा सारखी हवी म्हणून प्रत्येक किरण साडेसात अंशांचा. ३०० मिमी उंचीच्या त्रिकोणाचा पाया त्या हिशेबाने ३९.३ मिमी येतो. टोक सूर्याच्या मध्यावर ठेवा.

इलस्ट्रेटरमध्ये रोटेट टूल घेऊन ऑल्ट धरून टोकावर क्लिक करा, १५ भरा, कॉपी दाबा, मग कंट्रोल-डी २२ वेळा. अर्ध्या मिनिटाचं काम. कोरलमध्ये ऑल्ट-एफ८ने ट्रान्सफॉर्म डॉकर उघडा, फिरवण्याचं केंद्र टोकावर न्या, कोन १५, कॉपी २३. इंकस्केपमध्ये पाथ इफेक्टमधला रोटेट कॉपीज लावून २४ प्रती मागा. नवखे इथेच चुकतात. इफेक्टचं केंद्र आपोआप टोकावर येत नाही, त्यामुळे पहिल्या फटक्यात किरणांऐवजी फूल तयार होतं. केंद्राचा हँडल ओढून टोकावर आणावा लागतो, आणि त्यासाठी स्नॅपिंग (जवळ नेलं की बिंदूला आपोआप चिकटणं) चालू हवं. पण याचा एक फायदा असा की इफेक्ट जिवंत राहतो. उद्या २४चे ३२ करावेसे वाटले तर फक्त आकडा बदलायचा आणि मूळ त्रिकोण त्या मानाने अरुंद करायचा. इलस्ट्रेटरच्या वरच्या पद्धतीत सगळं पुसून पुन्हा करावं लागतं.

केंद्र मिलिमीटरभर चुकलं तर टोकं एका बिंदूत मिळत नाहीत, मधे बारीक वर्तुळ उरतं. त्यावर ४५ मिमी त्रिज्येची सूर्याची तबकडी बसते, त्यामुळे ही चूक माफ आहे.

डोंगर तिन्हींत सारखेच: पेन टूल, कमीत कमी नोड (रेषेला वळण देणारे बिंदू). एका रांगेला बारा-पंधरा नोड पुष्कळ झाले. पेन्सिलने काढलेली किंवा फोटोवरून ट्रेस केलेली कड शेकडो नोडांची आणि थरथरती येते. ती सिम्प्लिफाय करत बसण्यापेक्षा पुन्हा काढलेली बरी. दोन रांगा एकमेकींना फक्त टेकवून ठेवू नका. मागची रांग पुढचीच्या खाली निदान १० मिमी जाऊ द्या. नुसत्या टेकवलेल्या कडांमधून मागचा रंग केसाएवढ्या रेषेने डोकावतो, आणि इंकस्केपच्या पीएनजीत ते जास्तच दिसतं. आकार जोडायला-कापायला शेप बिल्डर इलस्ट्रेटरमध्ये आधीपासून आहे, इंकस्केपमध्ये तो १.३ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याहून जुनी आवृत्ती कुणी पेन ड्राइव्हवर दिली तर घेऊ नका.

खरी परीक्षा अक्षरांची

इंग्रजी ट्यूटोरियलं इथे उपयोगी पडत नाहीत. कुठलंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी त्यात एवढी ओळ टाइप करून पाहा: ‘सह्याद्रीच्या दऱ्या, लाल शिखर, किल्ला, पट्टी’. ‘ऱ्या’चा र, मराठी वळणाचे ल आणि श, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं, सगळं एका फटक्यात तपासून होतं.

इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी, म्हणजे आपण फोनवर टाइप करतो ती, काही न करता नीट उमटते. यात ते सरस आहे. इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे गेली किंवा हलन्त सुटे दिसले तर फॉन्टला दोष देऊ नका; प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई कंपोझर निवडा. एकदा केलं की प्रश्न मिटतो, पण हे माहीत नसल्यामुळे बरेच जण ‘इलस्ट्रेटरमध्ये मराठी चालत नाही’ असं म्हणून मोकळे होतात. कोरलचं दुखणं वेगळं. नव्या आवृत्त्यांत युनिकोड चालतं, पण प्रेसमधला ऑपरेटर बहुतेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर बसलेला असतो. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत. तुमच्या युनिकोड मजकुराला त्याने तो फॉन्ट लावला की चौकोन किंवा कचरा दिसतो. म्हणूनच प्रेसमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘फाइल कर्व्ह करून पाठवा.’ म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, फॉन्टची गरजच उरू नये म्हणून.

फॉन्ट फुकट आणि चांगले आहेत. जाडजूड, फुगीर अक्षर हवं तर मोदक. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आठवण हवी तर यात्रा वन. जाड-बारीक रेषांचा नखरा हवा तर रोझा वन. माथेरानच्या पोस्टरला यात्रा वन शोभतो. खालच्या ओळीला साधा मुक्ता पुरे.

अक्षरं कर्व्ह केल्यावर ‘माथेरान’ अगदी जवळून पाहा. म, थ, र, न या प्रत्येकाची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. एकच सपाट रंग असेपर्यंत ते कळत नाही. बाहेरून बॉर्डर दिली किंवा रंग अर्धपारदर्शक केला की प्रत्येक जोडावर उभी फट किंवा गडद पट्टी उमटते. उपाय एकच, सगळं जोडून एक आकार करा. इंकस्केपमध्ये अनग्रुप करून युनियन, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट, कोरलमध्ये वेल्ड. जोडण्याआधी मूळ टाइप केलेल्या शब्दाची प्रत पानाबाहेर ठेवा, कारण कर्व्ह केलेलं शुद्धलेखन सुधारता येत नाही.

रोमन रेट्रो पोस्टरांत अक्षरं ऐसपैस सोडलेली दिसतात. तो मोह देवनागरीत टाळा, शिरोरेषा तुटते. शब्द कमानीवर बसवायचा असेल तर टेक्स्ट ऑन पाथही नको. प्रत्येक अक्षर सरळच राहून नुसतं वळतं, आणि शिरोरेषेत पाचराएवढ्या फटी पडतात. आख्खा शब्द वाकवावा लागतो. इलस्ट्रेटरचा वॉर्प-आर्क आणि कोरलचं एन्व्हलप हे टाइप केलेल्या मजकुरावरच लागतात, शब्द नंतर बदलता येतो. इंकस्केपचा बेंड इफेक्ट मात्र पाथवर लागतो, म्हणजे आधी कर्व्ह, मग युनियन, मग बेंड. इथे इंकस्केप स्पष्ट मागे पडतं.

दाणा आणि झीज

छपाईचा खरखरीतपणा हवा असेल तर इलस्ट्रेटरमधले हाफटोन आणि ग्रेन सोयीचे आहेत, पण ते पिक्सेलवर चालतात. डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्सचं रिझोल्युशन आधी ३०० करा आणि मगच ठिपक्याचा आकार ठरवा. ७२वर जमवलेला ठिपका नंतर ३०० केल्यावर बारीक होऊन जातो. इंकस्केपचे फिल्टर मोठ्या पानावर मशीनला घाम फोडतात. शिवाय पीडीएफ करताना फिल्टर कुठल्या रिझोल्युशनला उतरवायचे तो आकडा मुळात ९६ असतो; न बदलता पाठवलं तर छापून आल्यावर दाणा पिचलेला दिसतो. त्यापेक्षा स्प्रे टूलने अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके डोंगराच्या कडेला फवारा, त्यावर डोंगराच्याच आकाराचं क्लिप लावा. सगळं व्हेक्टरच राहतं. कोरलमध्येही दाणा करता येतो, पण या शैलीसाठी ते कुणाची पहिली पसंती असू नये.

दोन रंग किंचित सरकल्यासारखे दाखवायचे असतील तर ०.४ मिमी पुरे. मिलिमीटरभर सरकवलं की जुनं न वाटता चुकलेलं वाटतं.

रंग आणि प्रेस

इलस्ट्रेटर आणि कोरल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात, काम करतात. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात, चालतं आणि त्याची पीडीएफही आरजीबीच निघते. ही त्याची सगळ्यात मोठी उणीव, आणि तिच्यावरून लोक त्याला ‘प्रिंटला नालायक’ ठरवतात. या शैलीपुरता तो निकाल मला जरा कडक वाटतो. आरजीबीतून सीएमवायकेत जाताना मरतात ते भडक रंग: निऑन नारिंगी, विजेसारखा निळा. रेट्रोची रंगपेटी मुळातच दबलेली असते. उदाहरणार्थ मलई: सायन ४, मॅजेंटा ६, यलो २२. गेरू: १५, ७०, ८५ आणि ब्लॅक ५. मोहरी: १०, ३५, ८५. रानहिरवा: ८०, ४५, ६५, ३५. काळसर निळा: ९०, ७५, ४५, ४५. यातलं फारसं काही बिघडत नाही.

आरजीबी काळा मात्र दगा देतो. तो चार शाईंत विभागला जातो आणि बारीक अक्षरांच्या कडा धुरकट होतात. म्हणून तळाची छोटी ओळ काळी ठेवू नका, आणि गडद पट्टीवर मलई रंगातही नको. मलई कागदावर जाड काळसर निळ्यात ठेवा, १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. अचूक आकडेच हवे असतील तर इंकस्केपची फाइल स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथे रंग सीएमवायके करता येतात. तेही फुकट आहे, फक्त एक पायरी वाढते.

कोरलवाल्याला कोरल फाइलच द्यायची असेल तर त्याच्याकडची आवृत्ती आधी विचारा आणि त्या आवृत्तीत सेव्ह करा. नव्या आवृत्तीची फाइल जुन्यात उघडत नाही. इलस्ट्रेटरचं वर्गणीचं गणितही नीट वाचा: पैसे महिन्याला पण बांधिलकी वर्षाची, अशी एक योजना असते आणि ती मध्येच सोडली तर रद्द करण्याचं शुल्क पडतं. सात दिवसांची चाचणी मिळते, पण ती किरण आणि डोंगर इंकस्केपमध्ये काढून झाल्यावर सुरू करा. इंकस्केपची एसव्हीजी फाइल इलस्ट्रेटरमध्ये उघडते, म्हणजे ते सात दिवस फक्त अक्षरं, दाणा आणि रंगांवर खर्च होतील.

तिन्हींपैकी कशातही केलं तरी पाठवायची ती कर्व्ह केलेली पीडीएफ, सोबत एक जेपीजी, म्हणजे ऑपरेटरला नेमकं काय दिसायला हवं ते कळतं. ती पीडीएफ यात्रा वन नसलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडा आणि ‘माथेरान’वर ८०० टक्के झूम करा. ‘रा’ आणि ‘न’ यांच्यामध्ये शिरोरेषेत जोड दिसला, तर युनियन राहून गेलंय.