एकीची फी की अख्ख्या शाळेच्या गोळ्या?

डॅलसची मावसबहीण पेचात पडलीय: केनियातल्या एका मुलीचा शिक्षणखर्च उचलावा, की तेच पैसे तिथल्या शाळांतल्या जंतनाशक मोहिमेला द्यावेत?

पैशांचा हिशेब सोपा. मुलामागे संस्था महिन्याला साधारण ४० डॉलर घेतात. जंताच्या गोळ्यांना मुलामागे वर्षाला एका डॉलरहूनही कमी लागतो.

परिणामाचं मात्र तसं नाही. केनियात सरकारी प्राथमिक शाळेची फी २००३ मध्येच माफ झाली, तरी गणवेश आणि माध्यमिकच्या वसतिगृहाचा खर्च आईबापांच्याच डोक्यावर असतो. मुलांना असे प्रायोजक मिळवून देणाऱ्या कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेच्या सहा देशांतल्या मुलांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. प्रायोजक मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली. केनियातल्याच बुसिया भागातल्या ७५ शाळांच्या प्रयोगात गोळ्यांनी गैरहजेरी पाव हिश्श्याने घटली, गुण मात्र वाढले नाहीत. पुढे त्या आकड्यांवरून संशोधकांत चांगलीच जुंपली.

बांधिलकी? गोळ्यांची देणगी कधीही थांबवा, कुणा एकीचं शिक्षण अडत नाही. मुलीचा हात मध्येच सोडणं वाईट.

पत्रं-फोटो येतात, छान वाटतं. पण काही संस्थांत पैसे गावाच्या सामायिक कामांवर जातात, हे आधी विचारून घ्यावं. कम्पॅशन चर्चमार्फत चालते, धर्मशिक्षणही देते. तेही चालणार का बघावं.

नातं हवं आणि आठ-दहा वर्षं टिकायची तयारी असेल, तर मुलगी. थोडक्या पैशांत जास्त मुलांपर्यंत पोचायचं असेल, तर गोळ्या. बहिणीची नोकरी सध्या डळमळीत आहे, तिने गोळ्यांनाच द्यावेत.