लॅपटॉप सराउंड सिस्टिमला जोडायचाय: एचडीएमआय, ऑप्टिकल, हेडफोन जॅक की ब्लूटूथ?

लॅपटॉप होम थिएटरला जोडला, सिनेमा लावला आणि सगळे स्पीकर वाजू लागले की जमलं, असं वाटतं. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मग एकदा रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या डब्याच्या) डिस्प्लेवर काय लिहिलंय ते नीट वाचलं. आत येणारा सिग्नल फक्त दोन चॅनेलचा, म्हणजे डावा आणि उजवा असे दोनच वेगळे आवाज असलेला, होता. मागचे स्पीकर वाजत होते खरे, पण रिसीव्हर त्या दोन चॅनेलमधूनच अंदाजाने आवाज काढून त्यांना देत होता. सिनेमात मागच्या बाजूसाठी वेगळा केलेला आवाज माझ्या खोलीपर्यंत पोचतच नव्हता.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आधी एकच गोष्ट बघायला सांगतो: या जोडणीतून किती चॅनेल पलीकडे जातात? आवाजाची स्वच्छता, केबलची किंमत, सोनेरी मुलामा दिलेल्या पिना हे सगळं नंतर.

निवड आधीच सांगून टाकतो. रिसीव्हरला किंवा साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल तर एचडीएमआय घ्या. ते नसेल तर ऑप्टिकल. फक्त गाणी ऐकायची असतील तर हेडफोन जॅक पुरेसा आहे, कारण बहुतेक गाणी दोन चॅनेलचीच असतात. ब्लूटूथ सराउंडसाठी नाहीच. यात अपवाद आहेत, आणि तुमचं घर नेमकं त्या अपवादात बसत असेल तर पुढचं वाचाच.

एचडीएमआय

एचडीएमआयमधून कॉम्प्रेस न केलेला डिजिटल आवाज, म्हणजे पीसीएम, ८ चॅनेलपर्यंत जातो. म्हणजे ५.१ (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर, असे सहा चॅनेल) तर सहज जातंच, ७.१ सुद्धा जातं. आवाज दोन रूपांत पाठवता येतो. एक, लॅपटॉपने स्वतः डीकोड करून (उलगडून) सगळे चॅनेल मोकळे, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पाठवायचे. दोन, डॉल्बी किंवा डीटीएस या आवाज बांधून ठेवण्याच्या पद्धतींतला मूळ ट्रॅक जसाच्या तसा पाठवायचा आणि डीकोडिंग रिसीव्हरवर सोडायचं. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ अशा पद्धतीने पाठवण्याची सोय २००६ साली एचडीएमआय १.३ बरोबर आली. त्यामुळे बऱ्यापैकी जुन्या रिसीव्हरलाही ते जमतं.

गेम खेळणाऱ्यांसाठी पहिली पद्धत फार मोलाची आहे. सिनेमाचा ट्रॅक आधीच डॉल्बीत बांधून आलेला असतो. गेमचा आवाज मात्र त्या क्षणी तयार होतो: तुम्ही वळलात की मागची पावलं पुढे येतात. हे मोकळे सहा चॅनेल जसेच्या तसे नेणारी सोपी वाट एचडीएमआयचीच.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, साउंडबारवरचं ‘एआरसी’ लिहिलेलं पोर्ट. ते टीव्हीसाठी असतं. टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंडबारकडे आणणं हे त्याचं काम. लॅपटॉपचं एचडीएमआय फक्त बाहेर पाठवतं, म्हणून तो त्या पोर्टला जोडला तर आवाज येत नाही. साउंडबारला ‘एचडीएमआय इन’ असं वेगळं पोर्ट आहे का, ते खरेदीआधीच बघा. दुसरं, यूएसबी-सी. लॅपटॉपला एचडीएमआय नसेल तर यूएसबी-सीचा अडॅप्टर चालतो, पण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह असेल तर निर्धास्त राहा. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पोर्टची नोंद तपासा, कारण काही कंपन्या चिन्ह छापतच नाहीत.

एचडीएमआयचा एक खरा त्रास आहे. रिसीव्हर लॅपटॉपला दुसरा मॉनिटर म्हणून दिसतो. टीव्ही बंद असला तरी माउसचा बाण त्या न दिसणाऱ्या पडद्यावर निघून जातो. डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘डुप्लिकेट’ निवडलं की प्रश्न मिटतो.

टीव्हीमार्गे

अनेक घरांत लॅपटॉप आधीच टीव्हीला जोडलेला असतो आणि टीव्हीचा आवाज एआरसीने रिसीव्हरला जातो. मग आणखी केबल कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण लॅपटॉप टीव्हीला जोडताच ‘तुला किती चॅनेल कळतात’ हे विचारून घेतो, आणि बरेच टीव्ही ‘दोन’ असं सांगतात. मग विंडोजच्या यादीत ५.१ हा पर्यायच दिसत नाही. लोक ड्रायव्हर काढतात, पुन्हा टाकतात, आणि दोष मात्र ड्रायव्हरचा नसतो.

शिवाय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आलेल्या साध्या एआरसीतून कॉम्प्रेस न केलेला आवाज दोनच चॅनेलचा जातो. ५.१ हवं तर ते डॉल्बीसारख्या कॉम्प्रेस केलेल्या रूपातच. पुढे २.१ बरोबर आलेल्या ईएआरसीने ही मर्यादा काढली आणि मोकळे ८ चॅनेल नेता येऊ लागले. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर ईएआरसी असेल तर टीव्हीमार्गे जायला हरकत नाही. नसेल तर लॅपटॉप सरळ रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला, ही साखळी बरी.

ऑप्टिकल

ऑप्टिकल म्हणजे टॉसलिंक, तोशिबाने १९८३ साली आणलेली जोडणी. तिच्यातून मोकळा पीसीएम दोनच चॅनेलचा जातो. थोडा हिशोब केला की कारण कळतं. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, २ चॅनेल म्हणजे सेकंदाला सुमारे १.५ मेगाबिट. सहा चॅनेलसाठी हेच ४.६ मेगाबिट होतात, आणि ही जोडणी मुळात दोन चॅनेलसाठीच आखलेली आहे. डॉल्बी डिजिटलमध्ये मात्र पूर्ण ५.१ जास्तीत जास्त ६४० किलोबिटमध्ये बसतं. म्हणून डीव्हीडीतला सिनेमा ऑप्टिकलवर खरं सराउंड देतो आणि गेम दोन चॅनेलवर अडतो. गेमचा आवाज तिथल्या तिथे डॉल्बीत बांधणारी ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ नावाची सोय काही साउंड कार्डांत असते. ती असेल तर ऑप्टिकलही गेमला चालतं. स्ट्रीमिंगवर सर्रास वापरलं जाणारं डॉल्बी डिजिटल प्लस ऑप्टिकलमधून जात नाही. ते आधी साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलावं लागतं.

आजच्या लॅपटॉपला ऑप्टिकल पोर्ट जवळपास नसतंच. २०१५ पर्यंतच्या मॅकबुक प्रोच्या हेडफोन जॅकमध्ये ते लपलेलं असायचं; छोट्या टोकाची केबल घातली की चालायचं. बाकीच्यांनी ऑप्टिकल आउट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं.

ऑप्टिकलची मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. चार्जर लावला की स्पीकरमधून येणारी ती बारीक घुंऽऽ यात येऊच शकत नाही.

हेडफोन जॅक आणि ब्लूटूथ

हेडफोन जॅकमधून लाल-पांढऱ्या पिनांची केबल रिसीव्हरला लावायची, झालं. दोन चॅनेल मिळतात. घुंऽऽ येत असेल तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर कारण सापडलं, आणि ग्राउंड लूप आयसोलेटर (ही घुंऽऽ अडवणारी छोटी डबी) मध्ये टाकला की बहुतेक वेळा काम होतं. लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त रिसीव्हरवर करा, म्हणजे खरखर कमी राहते.

ब्लूटूथची ध्वनी पाठवण्याची नेहमीची पद्धत दोन चॅनेलची आहे. त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे ओठ आणि संवाद जुळत नाहीत. काही प्लेअर चित्र मागे ओढून हे सांभाळतात, गेममध्ये ते शक्य नसतं. पाहुण्यांनी आपली गाणी लावायला ब्लूटूथ उत्तम.

जुना पण दमदार रिसीव्हर

एचडीएमआय नसलेला पण मागे सहा पिनांचं ५.१ ॲनालॉग इनपुट असलेला रिसीव्हर घरात असेल तर तो टाकून देऊ नका. तीन जॅकचं यूएसबी साउंड कार्ड त्याला खरे सहा चॅनेल देतं, गेमसकट. हिरवा जॅक पुढच्या दोन स्पीकरचा, काळा मागच्यांचा, नारिंगी सेंटर आणि सबवूफरचा. फक्त अनेक रिसीव्हर या इनपुटवर स्पीकरच्या अंतराची सेटिंग लावत नाहीत, तेव्हा स्पीकर बसण्याच्या जागेपासून शक्यतो सारख्या अंतरावर ठेवा.

एचडीएमआय किंवा सहा पिनांची ॲनालॉग जोडणी असेल तर विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन प्लेबॅकखाली रिसीव्हर (ॲनालॉग असेल तर साउंड कार्ड) निवडा, ‘कॉन्फिगर’वर ५.१ करा आणि टेस्ट वाजवा. मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होतं. सिनेमा ब्राउझरमध्ये बघत असाल तर त्याच सेवेचं ॲपही लावून बघा. ब्राउझरमध्ये पुष्कळदा स्टिरिओच मिळतो. टेस्ट चालू असताना आपल्या नेहमीच्या जागी बसून एकेक स्पीकर ऐका. ॲनालॉग जोडणीत सेंटरची पाळी आली आणि सबवूफर घुमला, तर नारिंगी जॅकच्या केबलची दोन टोकं रिसीव्हरच्या बाजूला एकमेकांच्या जागी लावा. संवाद लगेच पडद्याखालून येऊ लागतील.