कॉलबॅकमधूनच कनेक्शन बंद करायचंय: लिबइव्हेंट की लिबयूव्ही?

सी मध्ये स्वतःचा टीसीपी सर्व्हर लिहायचा म्हटलं की इव्हेंट लूपसाठी, म्हणजे कनेक्शनवर काही घडतंय का ते पाहत राहणाऱ्या चक्रासाठी, बहुधा याच दोन लायब्ररींची नावं समोर येतात. लिबइव्हेंट जुनी, मेमकॅश्ड (कॅशे सर्व्हर) आणि टॉर (निनावी नेटवर्क) यांत रुळलेली. लिबयूव्ही 2011 मध्ये, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएससाठी जन्मलेली. वेगाची चर्चा मी करत नाही, लिनक्सवर दोन्हींच्या खाली ईपोलच (सॉकेटवर काही घडलं की कळवणारी लिनक्सची सोय) आहे. दोन्हींत काम केल्यावर मला खरा फरक जाणवला तो कॉलबॅकच्या, म्हणजे काही घडलं की लूप बोलावतो त्या आपल्या फंक्शनच्या, आत.

समजा क्लायंटने भलतीच कमांड पाठवली. रीड कॉलबॅकमध्येच त्याला 'विनंती चुकीची' असं उत्तर द्यायचं आणि कनेक्शन तोडायचं. लिबइव्हेंटमध्ये हात आपोआप बफरइव्हेंट_राइट (उत्तर लिहिणारं) आणि लगेच खाली बफरइव्हेंट_फ्री (कनेक्शन मोडीत काढणारं) लिहितो. वाचताना त्यात काही खटकत नाही. पण राइट डेटा फक्त आउटपुट बफरात (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतं. तो सॉकेटवर जातो लूपकडे परतल्यावर. त्याआधी फ्री झालं की उत्तर बफरासकट जातं, आणि क्लायंटला नुसतं कनेक्शन तुटलेलं दिसतं. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय, म्हणून याला बग म्हणणं अन्यायाचं होईल. मात्र उपाय करताना जीव मेटाकुटीला येतो: वाचन थांबवा, 'बंद होतंय' असा फ्लॅग (खूण) लावा, राइट कॉलबॅकची वाट पाहा, मग फ्री करा. त्यात राइट कॉलबॅक त्या कनेक्शनच्या सगळ्या लिखाणाला मिळून एकच, बफर रिकामा झाला की येणारा. त्यामुळे तो फ्लॅग कोडभर तपासत बसावा लागतो. माझा कल इथेच बदलला.

लिबयूव्हीत प्रत्येक यूव्ही_राइटचा कॉलबॅक वेगळा देता येतो. लिखाण पार पडो, फसो वा रद्द होवो, तो स्टेटस घेऊन येतो. शेवटच्या उत्तराच्या कॉलबॅकमध्ये यूव्ही_क्लोज लिहिलं की झालं. अर्थात इथेही जाच आहेच. क्लोज कॉलबॅक येईपर्यंत हँडलची (लूप सांभाळतो त्या सॉकेट किंवा टायमरची) मेमरी सोडता येत नाही, आणि एकाच स्ट्रक्टमध्ये सॉकेट व टायमर असेल तर दोघांचेही कॉलबॅक मोजावे लागतात. दोनदा क्लोज केलं तर प्रोग्राम असर्टवर (कोडमधल्या तपासणीवर) आपटून बंद पडतो, म्हणून आधी यूव्ही_इज_क्लोजिंग विचारायचं. पण याच शिस्तीमुळे एका क्लायंटच्या कॉलबॅकमधून दुसऱ्याचं कनेक्शन बंद केलं, तरी वरच्या फंक्शनच्या हातातला पॉइंटर तेवढ्यात निकामी होत नाही. चॅटसारख्या सर्व्हरमध्ये, जिथे एकाचा संदेश सगळ्यांना पाठवताना मधलाच कोणी गळालेला निघतो, तिथे हे मला फार मोलाचं वाटतं.

टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) किंवा छोटा एचटीटीपी सर्व्हर तयार हवा असेल तर लिबइव्हेंट बरी. लिबयूव्हीत ते दोन्ही नाही. शिवाय बफरइव्हेंट_राइट डेटाची प्रत स्वतःकडे घेतं, लिबयूव्हीत तो कॉलबॅक येईपर्यंत आपणच सांभाळायचा. पण प्रोटोकॉल तुमचा स्वतःचा असेल आणि कनेक्शन तोडण्याचे प्रसंग वरचेवर येणार असतील, तर मी लिबयूव्ही घेईन. सुरुवात क्लोज कॉलबॅकपासून करा, रीडचा नंतर लिहा.