स्वस्तातलं विमान: पुण्यातनं की कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं?

'पुणे-बंगळूर अडीच हजारात' असा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर पडला की आपल्या कोल्हापूरकरांचे हात शिवशिवायला लागतात. पण गड्यांनो तो आकडा पुण्याच्या गेटपासनंचा आहे, आपल्या दारापासनंचा नाही. स्वस्तातली फ्लाईट बहुतेक मध्यरात्रीची नाहीतर पहाटेची, म्हणजे आदल्या दिवशी दुपारीच निघायचं, अडीचशेच्या आसपास किलोमीटर, त्यात सातारा-कागल रस्त्याचं काम संपता संपत नाही, मग स्वारगेटवरनं लोहगाव विमानतळाला रिक्षा, आणि येताना तेच सगळं उलटं. दोघांचा हिशेब घातला की उजळाईवाडीवरनं हजार-दीड हजार जास्त देऊन जाणं परवडतं. एकटा पोरगा पाठीवर सॅक टाकून जाणार असंल तर पुणं ठीक, आईवडलांना घेऊन अजिबात नाही.

आता बॅगेचं. तिकिटासोबत साधारण १५ किलो खाली (काऊंटरवर जमा करायची बॅग) आणि ७ किलो हातात एवढंच. काही कंपन्या खालची बॅग काढून अजून स्वस्त तिकीट दाखवतात आणि इथंच आपला माणूस फसतो, कारण आपल्या बॅगेत काय असतंय? कांदा-लसूण चटणी, लोणचं, वर अंबाबाईच्या ओटीचा नारळ. तिखट, मिरचीचं लोणचं आणि अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही, सिक्युरिटीला काढून ठेवतात. मागच्या बारीला माझ्या पुढच्या काकूंची दोन किलोची चटणीची पिशवी त्या ट्रेमध्येच राहिली, काकू त्या पोराला "अरे घरची हाय रं, डंकावरची" म्हणून समजावत होत्या, त्यानं काय ऐकलं नाही. तेव्हा चटणी न्यायची असंल तर बॅगेसकटचंच तिकीट काढा. आणि वजन घरीच करून निघा, काऊंटरवर जादा वजनाला किलोमागं पाचशेच्या वर लावतात, तेवढ्या पैशात अजून चटणी होती.

सीटचे पैसे मात्र देऊ नका. आपल्याकडं येणारं एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान, एका रांगेत दोन-दोन सीट, मधली सीट नसतीच. कुठं पण बसा, खिडकी नाहीतर कडेची. फक्त वरचा कप्पा बारका आहे, मोठी ट्रॉली शिडीपाशीच काढून घेऊन खाली टाकतात, औषधं आणि चार्जर आधीच वेगळे काढून ठेवा.

छोट्या विमानतळाची खरी गोची पावसाळ्यात. ढग खाली उतरले की विमान येतच नाही, आणि पुढचं उद्याच. मला एकदा दुपारभर 'थोडा उशीर आहे' सांगून शेवटी रद्द केलं, कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचंच तसं आहे. रद्द झालं तर दुसरी फ्लाईट नाहीतर पूर्ण पैसे परत, हे मागून घ्या, व्हाऊचरवर गप बसू नका. आपणच कॅन्सल केलं तरी डीजीसीएच्या (विमान कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) नियमानं मूळ भाडं आणि इंधन अधिभार यापेक्षा जास्त कापता येत नाही, विमानतळाचे कर परत मिळतात, ऑफरचं तिकीट असलं तरी. हे काऊंटरवाला आपणहून सांगत नाही. जून ते ऑगस्ट लग्न-परीक्षा असलं काय असंल तर मिरजेतनं राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरा सरळ, रात्रीत बंगळूर.

बाकी २०२४ ला सुरू झालेलं नवीन टर्मिनल झकास आहे, गावातनं अर्ध्या तासात पोचताय, रांग नाही, गडबड नाही. एकच, चहा बाहेर हायवेवर पिऊन जावा, आतला रेट बघून तोंड कडू होतंय.